मले, तुले आणि शाळेतला तक्ता

(धामणगाव बढे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर मराठी शिकवत होते. म्हणून संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला तेव्हा मी व्याकरण निवडलं. व्याकरणाचं नाव काढलं की अर्धा मंडप चहाला जातो, हे ठाऊक असूनही निवडलं. त्यातही एकच लहानसा विषय घेतला आहे: प्रत्यय. शब्दाच्या शेपटाला चिकटतो तो एवढासा तुकडा.

तुम्ही सगळ्यांनी शाळेत एक तक्ता पाठ केला आहे. द्वितीया: स, ला, ते. तृतीया: ने, ए, शी. चतुर्थी पुन्हा स, ला, ते. पंचमी: ऊन, हून. हाताला छडी लागू नये म्हणून आपण तो घोकला आणि पुढे विसरलो. आज तो जरा नीट पाहा. त्यातला 'ते' तुम्ही शेवटचा कधी वापरला? 'बैलाते पाणी पाज' असं या गावात कुणी म्हणतं का? पुण्यातही म्हणत नाही. 'ते' ज्ञानेश्वरीत आहे, लीळाचरित्रात आहे. म्हणजे तेराव्या शतकात तो जिवंत होता. पुढे तो कवितेपुरता उरला आणि बोलण्यातून कधीच गेला. तरी तक्त्यात त्याची जागा पक्की आहे.

आता दुसरी बाजू. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत या गावात जो प्रत्यय शेकडो वेळा उच्चारला जातो तो 'ले'. मले, तुले, त्याले, बैलाले, मोताळ्याले, पोराले. हा मात्र तक्त्यात नाही. गेलेल्याला जागा आणि असलेल्याला नाही, असा हा तक्ता आहे. आज मला बोलायचं आहे ते याबद्दल. पण त्याआधी 'प्रत्यय' या शब्दाचीच थोडी चौकशी करू, कारण तो शब्द मोठा गमतीचा आहे.

मराठीत 'प्रत्यय' दोन ठिकाणी भेटतो. एक व्याकरणाच्या पुस्तकात, आणि दुसरा आपल्या तोंडी: 'त्याच्या चांगुलपणाचा मला प्रत्यय आला', 'प्रत्ययकारी अभिनय', 'आत्मप्रत्यय'. शिकवताना आपण हे दोन वेगळे शब्द असल्यासारखे शिकवतो. शब्द एकच आहे. 'प्रति' म्हणजे कडे आणि 'इ' धातू म्हणजे जाणे. एखाद्या गोष्टीकडे जाणं, तिच्यापाशी पोचणं, आणि पोचल्यावर होणारी खात्री. 'प्रतीती' याच घरातली, आणि आपली 'प्रचिती' हे तिचंच लोकांच्या तोंडी रुळलेलं रूप. समर्थांच्या दासबोधात प्रत्यय आणि प्रचीत हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तिथे त्यांचा व्याकरणाशी काडीचा संबंध नाही, स्वतः अनुभवून पटलेल्या गोष्टीशी आहे.

मग व्याकरणात हा शब्द कसा शिरला? पाणिनीच्या अष्टाध्यायीचा तिसरा अध्याय याच शब्दाने उघडतो, आणि तिथून पाचव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत त्याचाच अंमल चालतो. आठांपैकी तीन अध्याय. पाणिनी शब्दांच्या बाबतीत कमालीचा चिक्कू माणूस. एखाद्या गोष्टीला नाव द्यायचं तर 'टि', 'घु', 'भ' असं एका अक्षरात उरकतो. इथे मात्र त्याने चांगला लांब, आधीच अर्थ असलेला शब्द घेतला. टीकाकारांचं म्हणणं असं की हे मुद्दाम केलं: ज्याच्यामुळे अर्थाची प्रतीती होते तो प्रत्यय. नुसत्या 'राम' या शब्दाने काय कळतं? रामाने मारलं, रामाला मारलं, की रामाचं काही हरवलं? मागचा तुकडा लागेपर्यंत वाक्य तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

या शब्दाचं आणखी एक घर आहे आणि ते या मंडपातल्या अनेकांच्या जवळचं आहे. पालीत प्रत्ययाचा 'पच्चय' होतो. तिथे त्याचा अर्थ कारण, आधार. अभिधम्मपिटकातल्या पट्ठान या ग्रंथात चोवीस पच्चय सांगितले आहेत. चीवर, पिंडपात, सेनासन आणि भेसज्ज या भिक्खूच्या चार गरजांनाही पच्चयच म्हणतात, कारण त्याचं जगणं त्यांच्या आधाराने चालतं. आणि पटिच्चसमुप्पाद, म्हणजे एकाच्या आधाराने दुसऱ्याचं उत्पन्न होणं, या तत्त्वातला 'पटिच्च' हासुद्धा याच 'प्रति' आणि 'इ'पासून झाला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून विदर्भाच्या खेड्यापाड्यांत हे शब्द वंदनेतून, प्रवचनांतून पोचले आहेत. व्याकरणाच्या तासाला जो पोरगा 'प्रत्यय' ऐकून जांभई देतो, त्याच्या घरी कदाचित त्याच धातूचा शब्द रोज आदराने उच्चारला जात असतो. त्याला कुणी हे सांगत नाही, एवढंच.

'विभक्ती' या नावाचीही एक गंमत आहे. ती आली 'भज्' म्हणजे वाटणे यापासून. विभक्त कुटुंबातला 'विभक्त' तोच. जोडणाऱ्या गोष्टीला वेगळं करणारीचं नाव! कारण ती शब्दांची कामं वाटून देते: तू कर्ता, तू कर्म, तू नुसता मालक.

उपसर्गाबद्दल थोडक्यात सांगतो. हा शब्दाच्या आधी लागतो. याचाही मराठीत दुसरा अर्थ आहे: त्रास, पीडा. जैन परंपरेत तीर्थंकरांनी सोसलेल्या संकटांना उपसर्गच म्हणतात. यास्काच्या निरुक्तात याच्यावरून एक जुना वाद नोंदवला आहे. शाकटायन म्हणाला, उपसर्ग सुटा काढला तर त्याला स्वतःचा अर्थ नाही. गार्ग्य म्हणाला, आहे. हार, आहार, विहार, प्रहार, संहार या माळेकडे पाहिलं तर मला गार्ग्याचं म्हणणं पटतं. मराठीचे स्वतःचे उपसर्ग थोडे आहेत, पण झकास आहेत: आडवाट, आडनाव, पडजीभ, पडसाद, भरदुपारी. फारसीकडून आपण बेजबाबदारमधला 'बे' घेतला. 'दरवर्षी'त तर फारसी 'दर' संस्कृत वर्षाच्या गळ्यात पडला आहे.

उसने घेतलेले प्रत्यय त्याहून मजेदार. पुण्याकडच्या माणसाला नवल वाटतं, पण आपल्या विदर्भात पोलीस ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'ठाणेदार' म्हणतात. ठाणे हा संस्कृत 'स्थान'चा नातू, तर 'दार' म्हणजे धरणारा, हा फारसीतून आलेला. ठाणेदार येऊन 'पंचनामा' करतो. त्यातले पंच आपले, नामा त्यांचा. 'भांडखोर'मध्ये भांडण आपलं, आणि ते खाणारा 'खोर' इराणचा. भांडणं मात्र अस्सल गावरान. फारसी इथून गेली, तिचे हे तुकडे राहिले, आणि आता ते परके आहेत असं कुणाला वाटतही नाही.

आता प्रत्यय जन्मतो कसा, ते एकाच उदाहरणात जवळून पाहू. माझ्या वयाच्या माणसांनी जुनी पुस्तकं वाचली आहेत. त्यांत 'घरात' हा शब्द 'घरांत' असा छापलेला असे, 'रा'वर अनुस्वार देऊन. तो अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि लिहिणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही त्यांच्याच बाजूचा. पण ते टिंब फुकटचं नव्हतं. 'आत' हा शब्द संस्कृतातल्या 'अंतर्'पासून आला. घर आणि आंत मिळून घरांत. पुढे 'आंत' झिजत झिजत नुसता 'त' राहिला, आणि मधला नासिक्य उच्चार त्या टिंबाच्या रूपाने कागदावर अडकून बसला. म्हणजे सप्तमीचा 'त' हा एके काळी अख्खा शब्द होता. तो अजून सुटाही वापरतो आपण: 'आत ये'. मागे, मुळे, कडे, पाशी या सगळ्यांचं असंच आहे. मार्गाचं 'मागे' झालं, पार्श्वाचं 'पाशी'. काही अजून शब्दयोगी अव्यय म्हणून अर्धे शब्द आहेत, काही पुरते प्रत्यय झाले.

या जोडकामात मराठीची एक खोड आहे, आणि ती मला फार आवडते. प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतःचं रूप बदलतो. घोडा असेल तर घोड्या, पाणी असेल तर पाण्या, भाऊ असेल तर भावा. याला आपण सामान्यरूप म्हणतो. घरी पाहुणा यायच्या आधी सदरा बदलावा तसं. पुष्कळदा पाहुणा येतच नाही आणि बदललेला सदरा तसाच राहतो: 'सासऱ्या घरी', 'आल्या पावली'. इथे प्रत्यय दिसत नाही, पण सासराचा सासऱ्या झालेला आहे. प्रत्यय गेला तरी त्याचा परिणाम राहतो, हे पाणिनीने संस्कृतासाठी सांगून ठेवलं आहे. मराठीत ते तुम्ही रोज बोलता.

हे सामान्यरूप सध्या आजारी आहे. तुमच्याच जिल्ह्याचं नाव घ्या. 'बुलढाण्यात पाऊस' हे सरळ मराठी. बातम्यांत आणि मोबाईलवर आता दिसतं 'बुलढाणामध्ये पाऊस'. 'मोताळामध्ये', 'नांदुरामध्ये', 'पुणेमध्ये'. हिंदीत विभक्ती सुटी लिहितात, 'बुलढाणा में', तीच सवय इकडे उतरली आहे. गावाचं नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि मागे 'मध्ये' चिकटवायचं. नाव मोडलं तर संगणकाला सापडणार नाही, अशीही भीती त्यामागे असते. माझ्या मते हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. शब्द वाकायचं विसरला तर मराठीचा एक सांधा आखडला म्हणायचा.

तुमच्या गावाच्या नावाने तर व्याकरणापुढे एक मजेदार अडचण उभी केली आहे. आपल्याकडे एकाच नावाची गावं पुष्कळ, म्हणून नावामागे ओळखीचा दुसरा शब्द लागतो. खानदेशातल्या जळगावापासून वेगळं ओळखू यावं म्हणून शेजारच्या जामोदचं नाव घेऊन जळगाव जामोद. तसंच देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही, पिंपळगाव काळे आणि पिंपळगाव देवी. सातबारावर बु. आणि खु. असतात, ते बुद्रुक आणि खुर्द, फारसीतले थोरला आणि धाकटा. अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वेवर आहे म्हणून ते 'धामणगाव रेल्वे', आणि हे 'धामणगाव बढे'. आता याला प्रत्यय लावा पाहू. 'धामणगाव बढ्याला' की 'धामणगाव बढेला'? दोन्ही कानाला खटकतात. यावर दोघांनी दोन उपाय काढले. सरकारने 'येथे' काढला: 'मौजे धामणगाव बढे येथे', 'धामणगाव बढे येथील'. नाव न वाकवता काम भागलं. तुम्ही काढलेला उपाय त्याहून सोपा: बढे गाळून टाकायचं आणि म्हणायचं 'धामणगावले चाललो'. कुठलं धामणगाव, ते ऐकणाऱ्याला माहीतच असतं. प्रत्यय आपल्या माणसांत लागतो, 'येथे' अर्जात लागतो.

आता त्या 'ले'कडे येऊ.

ग्रियर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची जी पाहणी केली तिचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. खानदेशी मात्र त्याने भिल्ली भाषांबरोबर वेगळ्या, नवव्या खंडात टाकली. तुमचं गाव वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला, खानदेशच्या उंबऱ्याशी. पुस्तकांच्या खंडांमधली ती सीमा इथून जवळच जाते. पण 'ले'ला ती माहीत नाही. वऱ्हाडात 'मले', खानदेशातही 'मले' आणि 'माले'. नेपाळात 'मला' म्हणायचं तर म्हणतात 'मलाई'. या सगळ्यांच्या मुळाशी 'लग्', म्हणजे लागणे, चिकटणे हा धातू असावा असं बरेच अभ्यासक मानतात. ज्ञानेश्वरीत 'लागीं' येतो तो या घराण्यातलाच. प्रत्ययाचं कामच चिकटणं, आणि त्याचा धातूही तोच. म्हणजे पुण्याचा 'ला' आणि धामणगावचा 'ले' हे भाऊ आहेत. 'ला' बिघडून 'ले' झाला असं समजायला काहीच आधार नाही. एकाला छापखाना मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. मोल्सवर्थचा कोश 1831 सालचा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 सालचं. त्या काळात पुण्याकडच्या शिकलेल्यांची बोली प्रमाण ठरली, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये तिचं भरभक्कम शास्त्र बांधलं, आणि त्यावरून उतरत उतरत तो तक्ता आपल्या फळ्यावर आला. प्रमाणभाषा लागते, हे मी मान्य करतो. अर्ज, कायदा, वर्तमानपत्र एका भाषेत असलं पाहिजे. प्रमाणाबाहेरचं ते चूक, हे मात्र मान्य नाही.

आणखी एक नमुना देतो, कारण तो 'ले'हूनही जुना वाटतो. वऱ्हाडात पाहुण्याला निरोप देताना म्हणतात 'पुन्हा येजो बरं'. 'बसजो', 'जाजो', 'सांगजो'. यात आज्ञाही आहे आणि आर्जवही. 'ये'मध्ये ते नाही, 'यावे'मध्ये जरा जास्तच औपचारिकपणा आहे. गुजराती माणूस निरोप देताना 'आवजो' म्हणतो, तो हाच. हिंदीतल्या 'कीजिए'मधला 'ज'ही याच कुळातला. याचं मूळ आहे प्राकृतातल्या विध्यर्थाच्या 'एज्ज' या प्रत्ययात. महाराष्ट्री प्राकृतातला तो प्रत्यय प्रमाण मराठीने गमावला आणि तुमच्या आजीने ओसरीवर सांभाळला. तीन ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे फटाके आपण वाजवले. त्या अभिजाततेचा एक पुरावा 'येजो'मध्ये बसला आहे, आणि आपण त्याला गावंढळ म्हणतो.

परक्या शब्दांना आपलं करून घेण्याचं कामही हे तुकडेच करतात. 'टॅक्टरले डिझल टाक' या वाक्यात नामं दोन्ही विलायती आहेत. क्रियापद आणि 'ले' तेवढे आपले, आणि वाक्य शंभर टक्के इथलं. टेबलावर, बँकेत, लाईटीचं बिल: शब्द आले, वाकले, मराठी झाले. इंग्रजी शब्द आले म्हणून मराठी मरते असं ओरडणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. शब्दांची आवकजावक चालायचीच. ज्या दिवशी तुमचं पोर 'टॅक्टर मध्ये' असं तोडून म्हणायला लागेल त्या दिवशी काळजी करा.

आता शाळेकडे. चौथीतल्या पोराच्या निबंधाच्या वहीत 'मले आई आवडते' असं वाक्य असतं. 'मले'खाली लाल रेघ, वर 'मला', आणि समासात अर्धा गुण कापलेला. अशा वह्या मी अनेक गावांत पाहिल्या. त्याच पोराच्या दप्तरात पाठ्यपुस्तक असतं आणि त्यात बहिणाबाई चौधरी असतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंनी 'ले' लावूनच कविता केली. 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिचा संग्रह निघाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला, आणि 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. उद्धव शेळक्यांच्या 1960 च्या 'धग'मधली माणसं वऱ्हाडीच बोलतात, आणि ती मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी एक गणली जाते. म्हणजे पुस्तकात छापलेला 'ले' साहित्य, आणि वहीत लिहिलेला 'ले' चूक. पोराने यातून काय समजायचं? तो एकच समजतो: माझ्या घरी बोलतात ते अशुद्ध. मग तो वर्गात बोलायचंच थांबतो. हे मी ज्या शिक्षकांबद्दल बोलतो आहे त्यांच्यावर राग म्हणून बोलत नाही. त्यांनाही कुणी दुसरं शिकवलेलं नसतं.

यावर करण्यासारखं काम अवघड नाही. फळ्यावर तक्ता काढाल तेव्हा द्वितीयेच्या ओळीत स, ला, ते लिहून झाल्यावर बाजूला 'ले' लिहा आणि विचारा: घरी कोण कोण म्हणतं? हात वर येतील. मग सांगा: पेपरात 'मला' लिहायचं, आईला सांगताना 'मले' म्हणायचं, दोन्ही मराठी. पाच मिनिटांचं काम आहे. 'ते'ला मात्र ज्ञानेश्वरीच्या तासापर्यंत थांबायला सांगा.

तरुण मंडळींना वेगळं काम सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगाव जाऊन, माणसांना बोलतं करून, ध्वनिमुद्रण करून त्यांनी ते केलं. पण सर्वेक्षण करणारा दोन दिवस राहतो, तुम्ही बारा महिने राहता. कुणी 'करून राह्यला' म्हणतो, कुणी 'करू राह्यला'. कुठल्या वाडीत काय म्हणतात, कोणत्या वयाची माणसं म्हणतात, खानदेशात दिलेल्या लेकी माहेरी आल्यावर काय म्हणतात, हे तुम्हालाच कळणार. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, पेरणीचं, लग्नाचं, दुष्काळाचं बोलतं करा आणि ते साठवून ठेवा. शेजारी गावाचं नाव, माणसाचं वय आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी, अशी संयोजकांना माझी विनंती आहे. त्या दिवशी वक्ता बोलवू नका. ती मुद्रणं लावा.